माळावरचा कारखाना आणि आजचा स्टार्टअप

तासगावच्या द्राक्षबागेत हवामानाचे सेन्सर बसवणारा किंवा कुपवाडच्या भाड्याच्या गाळ्यात सर्किट बोर्ड जोडणारा तरुण आज स्टार्टअपवाला म्हणवला जातो. शब्द नवा आहे, पण हा धंदा सांगली-साताऱ्याच्या या मातीत शंभर वर्षांहून जुना आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि सापांचा तो माळ १९१० साली किर्लोस्करवाडी झाला. राजाने जमीन दिली, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो न खपलेला नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. यंत्र बनवणं हे निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं बांधावर जाऊन, कुळवाच्या आणि पाभरीच्या भाषेत समजावून सांगण्याचं होतं.

त्यानंतर वाट रुळली. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. त्याच वर्षी सांगली बँक सुरू झाली. १९२२ साली साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. डिझेल इंजिन देशात बनवणाऱ्या पहिल्या काही कारखान्यांत त्याचं नाव येतं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून या दोन्ही जिल्ह्यांची गोष्ट एकत्रच सांगावी लागते.

कारखान्यांना हात हवे होते, ते घडवणारी विद्यालयं नंतर आली: सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली (आजचं वालचंद), कराडचं शासकीय १९६० साली. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली. मोठ्या कारखान्यात लेथवर हात बसलेला कामगार बाहेर पडून स्वतःचं वर्कशॉप टाकायचा, जुन्याच मालकाचं जॉबवर्क, म्हणजे ठरवून दिलेलं सुटं काम, घ्यायचा. छोटा उद्योजक घडवणारी खरी शाळा हीच होती, असं मला ठामपणे वाटतं.

संगणक आला तेव्हा ही साखळी तुटली. सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलाला गावात जॉबवर्क देणारा कोणी नव्हता, म्हणून तो पुण्याची गाडी धरायचा. २०१६ची स्टार्टअप इंडिया योजना, २०१८चं राज्याचं स्टार्टअप धोरण आणि १ जुलै २०२०पासूनची छोट्या उद्योगांची ऑनलाइन ‘उद्यम’ नोंदणी यांनी कागदपत्रं सोपी केली. पहिलं गिऱ्हाईक मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

इथे ते बहुतेकदा द्राक्ष बागायतदार असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत यंत्र बसवलं जातं; पानांवरचा ओलावा, तापमान, आर्द्रता मोजून डावणी, भुरी या बुरशीजन्य रोगांचा धोका मोबाईलवर कळतो. बागायतदार पहाटे उठून स्वतः पानं उलटी करून बघतो, मग मोबाईल बघतो, दोन्हींचा मेळ लावतो. एखादा हंगाम असाच जातो. मेळ बसला, तर पुढच्या छाटणीला तो शेजारच्या बागेवाल्याला घेऊन येतो.