पार्श्वभूमी : कॉलेज फुटबॉलच्या किकरची कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर म्हणजे पायाने चेंडू गोलच्या खांबांमधून मारून गुण मिळवणारा खेळाडू. जॉर्जिया विद्यापीठाचा किकर रॉड्रिगो ब्लँकनशिप २०१९ च्या मोसमानंतर कॉलेजमधून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या खात्यात ४४० गुण होते. विद्यापीठाच्या इतिहासात एवढे गुण तोवर कुणीच केले नव्हते. टचडाउननंतरच्या (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेल्यानंतरच्या) एका गुणाच्या २०० किक त्याने मारल्या आणि एकही चुकली नाही. खेळ चालू असताना खांबांमधून मारलेले तीन गुणांचे फील्ड गोल ९७ प्रयत्नांत ८०. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज किकरचा लू ग्रोझा पुरस्कारही त्याच वर्षी त्याला मिळाला. तरीही हा मुलगा पहिली दोन वर्षं स्कॉलरशिपशिवाय, ‘वॉक-ऑन’ म्हणून संघात होता.

कॉलेज फुटबॉलमध्ये किकरची जागा अशीच आहे. तो मैदानात येतो ते क्रिकेटमध्ये शेवटच्या चेंडूपुरता फलंदाज यावा तसा. स्नॅपर वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो. सात-आठ यार्ड मागे गुडघ्यावर बसलेला होल्डर तो झेलतो, गवतावर उभा धरतो आणि शिवणीची दोरी किकरच्या पायापासून दूर जाईल असा फिरवतो. स्नॅपरने चेंडू फेकल्यापासून किकरचा पाय लागेपर्यंत सगळं मिळून जेमतेम सव्वा सेकंद. २०२५ पर्यंत स्कॉलरशिप मोजक्या असत. एवढ्याशा कामासाठी त्यातली एक खर्चायला प्रशिक्षकांचा हात आखडत असे.

जुने किकर चेंडूसमोर सरळ उभे राहून बुटाच्या टोकाने मारायचे. पीट गोगोलाक बुडापेस्टचा. १९५६ च्या उठावानंतर त्याचं कुटुंब हंगेरीतून निसटून न्यूयॉर्क राज्यात आलं. सॉकर खेळत वाढलेला हा मुलगा कॉर्नेल विद्यापीठात तिरका धावत येऊन पावलाच्या वरच्या भागाने मारू लागला. पाठोपाठ धाकटा भाऊ चार्ली प्रिन्स्टनमध्ये तसंच मारू लागला आणि १९६६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, वॉशिंग्टनच्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. पुढच्या पिढीत टोकाने मारणारे जवळपास संपले.

नियमही तेव्हा किकरला अनुकूल होते. १९५९ मध्ये कॉलेजचे गोलपोस्ट १८ फूट ६ इंचांवरून २३ फूट ४ इंच रुंद केले होते, आणि चेंडू रबरी टीवर (छोट्या बैठकीवर) ठेवून मारता येत असे. त्याचं फळ टेक्सासात दिसलं. १६ ऑक्टोबर १९७६ रोजी टेक्सास ए अँड एमच्या टोनी फ्रँकलिनने बेलरविरुद्ध अनवाणी पायाने ६४ आणि ६५ यार्डांचे दोन गोल मारले. त्याच दिवशी अ‍ॅबिलीन ख्रिश्चनच्या ओव्हे योहान्सन या स्वीडिश किकरने ६९ यार्ड, म्हणजे सुमारे ६३ मीटर, अंतर पार केलं. पुढच्या वर्षी टेक्सासचा रसेल एर्क्सलेबेन आणि आर्कान्सॉचा स्टीव्ह लिटल, दोघांनीही ६७ यार्ड गाठले.

मग नियम आवळत गेले. १९८९ पासून फील्ड गोलसाठी टी बंद झाली, चेंडू थेट गवतावरून मारायचा. १९९१ मध्ये खांब पुन्हा १८ फूट ६ इंचांवर आले. म्हणजे दोन्ही बाजूंनी २९-२९ इंच गेले.

त्याची झळ पहिल्याच मोसमात फ्लोरिडा स्टेटला बसली. १६ नोव्हेंबर १९९१, टॅलाहासी, त्यांचं घरचं मैदान. पहिल्या क्रमांकाचा फ्लोरिडा स्टेट मायामीविरुद्ध १६-१७ असा एका गुणाने मागे. शेवटच्या अर्ध्या मिनिटात गेरी थॉमसने ३४ यार्डांवरून मारलेली किक उजव्या खांबाच्या बाहेरून गेली. आदल्या वर्षीच्या खांबांमध्ये ती बसली असती, असं आजही बोललं जातं. पुढच्या वर्षी मायामीविरुद्धच डॅन मॉव्हरीचा ३९ यार्डांचा प्रयत्न पुन्हा उजवीकडेच गेला. ‘वाइड राइट’ हे शब्द त्या संघाला कायमचे चिकटले. पूर्ण सामन्यात एकेका संघाच्या साठ-सत्तर खेळी होतात, पण नाव उरतं ते किकरचं. विशीतल्या मुलांवर हा फार मोठा अन्याय आहे असं मला वाटतं. १ जानेवारी १९९४ च्या ऑरेंज बाउल या मोसमाअखेरच्या सामन्यात स्कॉट बेंटलीने शेवटच्या क्षणी २२ यार्डांवरून गोल मारला, नेब्रास्काला १८-१६ हरवून फ्लोरिडा स्टेट राष्ट्रीय विजेता झाला, तेव्हा कुठे ते ओझं थोडं हलकं झालं.

ब्लँकनशिप खेळला तो याच अरुंद खांबांमध्ये, टीशिवाय. खेळाडूंचा जाड चष्मा लावणारा हा मुलगा २०१६ मध्ये मुख्य किकर झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये साउथ बेंडला नोत्र दामविरुद्ध त्याच्या ३० यार्डांच्या गोलने जॉर्जिया २०-१९ जिंकली आणि ड्रेसिंग रूममध्येच प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनी त्याला स्कॉलरशिप जाहीर केली. त्याच मोसमाअखेरच्या रोझ बाउल सामन्यात, ओक्लाहोमाविरुद्ध मध्यंतराआधी, त्याने ५५ यार्डांचा गोल मारला. माझ्या मते त्याची सर्वांत मोलाची किक तीच, कारण तो सामना ठरलेल्या वेळेत बरोबरीत राहून दोन जादा डावांनंतर जॉर्जियाने ५४-४८ असा जिंकला.

एनएफएलच्या २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी निवडलं नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सने ड्राफ्टनंतर करार केला आणि पहिल्याच मोसमात तो त्यांचा मुख्य किकर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध जादा वेळेत ४२ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली, सामना २०-२० असा बरोबरीत सुटला आणि त्याच आठवड्यात कोल्ट्सने त्याला काढून टाकलं.