इंटरिम बेल्ट की रिकामा किताब?

यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीच्या पोस्टरवर मधोमध सोनेरी बेल्ट आहे, पण चॅम्पियन गायब, असं दिसलं की दोनच शक्यता उरतात. लढत इंटरिम, म्हणजे हंगामी, किताबाची आहे, नाहीतर रिकाम्या झालेल्या मुख्य किताबाची. दोन्हींत पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या असतात आणि जिंकणारा बेल्ट बांधूनच पिंजऱ्याबाहेर येतो, म्हणून गल्लत होते. खूण एकच: जुना चॅम्पियन अजून चॅम्पियन आहे का? असेल तर इंटरिम, नसेल तर रिकामा.

इंटरिम बेल्ट ठेवला जातो तो चॅम्पियन जखमी असला किंवा पैशांवरून अडून बसला तर. कारण खेळाचं सांगितलं जातं, पण हिशोब बहुतेक वेळा तिकिटांचा असतो. 2015 मध्ये चॅम्पियन जोसे आल्डोची बरगडी दुखावली, तेव्हा यूएफसी 189 चा कार्यक्रम जाहीर झालेला होता. मग कॉनर मॅकग्रेगरसमोर चॅड मेंडेस उभा राहिला आणि लढतीला इंटरिम बेल्ट जोडला गेला. मुख्य लढत किताबाचीच राहिली. डिसेंबरमध्ये मॅकग्रेगरने आल्डोला 13 सेकंदांत पाडलं आणि दोन्ही किताब एक झाले. ठरल्याप्रमाणे झालं तर असं होतं.

नाही झालं तर इंटरिमवाल्याच्या हाती काहीच उरत नाही. टोनी फर्ग्युसनने 2017 मध्ये लाइटवेटचा (155 पौंडांच्या वजनगटाचा) इंटरिम बेल्ट जिंकला. पुढच्या एप्रिलमध्ये खबीब नुरमागोमेदोवविरुद्धच्या लढतीच्या तोंडावर त्याचा गुडघा गेला. मुख्य किताब खबीबने अल आयाक्विंटाला हरवून घेतला आणि फर्ग्युसनचा बेल्ट न हरताच गेला. त्याच वर्षी कोल्बी कोव्हिंग्टनचाही इंटरिम बेल्ट असाच न हरता गेला. टॉम ॲस्पिनॉल मात्र नोव्हेंबर 2023 पासून थांबला, मधे इंटरिम बेल्ट एकदा राखलाही, आणि जून 2025 मध्ये हेविवेट (सर्वांत जड वजनगट) चॅम्पियन जॉन जोन्स निवृत्त झाल्यावर न लढता मुख्य चॅम्पियन झाला. थोडक्यात, इंटरिम बेल्ट म्हणजे पुढच्या लढतीचा वायदा, आणि तो पाळायचा की नाही हे लढत भरवणारी कंपनी ठरवते.

रिकाम्या किताबात असलं काही लटकत नाही. जिंकला तो पूर्ण चॅम्पियन. फ्रान्सिस एन्गानू करार न करता गेला, हेविवेटची जागा मोकळी झाली, आणि मार्च 2023 मध्ये जोन्सने सिरिल गानला हरवून ती घेतली.

कधी कधी किताब वजनकाट्यावरच रिकामा होतो. साध्या लढतीत एका पौंडाची सूट मिळते, किताबाच्या लढतीत नाही. मे 2022 मध्ये लाइटवेट चॅम्पियन चार्ल्स ऑलिव्हेरा 155 ऐवजी 155.5 पौंड भरला. अर्ध्या पौंडापायी किताब गेला आणि लढत सुरू झाल्यावर तो जिंकण्याचा हक्क फक्त जस्टिन गेथजीला उरला. ऑलिव्हेराने पहिल्याच फेरीत गेथजीला गळपकडीत अडकवून हरवलं, तरी बेल्ट कुणालाच मिळाला नाही. हाच नियम इंटरिमलाही लागतो: 2016 मध्ये अँथनी पेटिस वजनात चुकला, तेव्हा बेल्ट फक्त मॅक्स हॉलोवेलाच जिंकता येणार होता, आणि त्याने तो जिंकला.

बरोबरी झाली तर रिकामा किताब रिकामाच राहतो. डिसेंबर 2022 मध्ये यान ब्लाहोविच आणि मागोमेद अंकालाएव पाचही फेऱ्या लढले, निकाल बरोबरीचा लागला, आणि जानेवारीतली पुढची संधी या दोघांना सोडून ग्लोव्हर टेशेरा आणि जमाल हिल यांना देण्यात आली.