यकृत एंझाइम चाचणी

यकृताच्या पेशींत आणि पित्तनलिकांच्या अस्तरात असलेल्या काही एंझाइमांचे रक्तातील प्रमाण मोजणारी चाचणी. अहवालात ती बहुधा ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या शीर्षकाखाली येते. हे नाव काहीसे फसवे आहे, कारण या आकड्यांवरून पेशींना इजा होत असल्याचे कळते, यकृत काम किती करते ते कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), बिलिरुबिन (यकृत पित्तावाटे बाहेर टाकते ते पिवळे द्रव्य) आणि प्रोथ्रॉम्बिन काल (रक्त गोठण्यास लागणारा वेळ) पाहावे लागतात.

पेशींना इजा झाली की एएलटी (जुने नाव एसजीपीटी) आणि एएसटी (एसजीओटी) ही एंझाइमे रक्तात उतरतात. एएलटी मुख्यत्वे यकृतात आढळते. एएसटी मात्र हृदय, स्नायू व तांबड्या रक्तपेशी यांतही असल्यामुळे कठोर व्यायामानंतर, किंवा नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तरी, ते वाढलेले दिसते. पित्ताचा मार्ग अडला की अल्कलाइन फॉस्फटेज (एएलपी) वाढते; पण ते हाडांतून आणि वारेतूनही येत असल्याने वाढत्या वयाच्या मुलांत व गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत त्याची वाढ स्वाभाविक असते. उगम यकृतातच आहे का, हे ठरवण्यास जीजीटी या आणखी एका एंझाइमाची मदत होते, कारण हाडांच्या विकारांत ते वाढत नाही.

एएलटीची वरची मर्यादा अनेक प्रयोगशाळा लिटरमागे सुमारे ४० एकक धरतात. तरी पद्धतीनुसार ती बदलते, म्हणून आकडा त्याच अहवालातील मर्यादेशी ताडावा. किंचित वाढ बहुधा यकृतातील चरबी, मद्य किंवा एखादे औषध यांमुळे असते आणि पुन्हा तपासल्यावर पुष्कळदा नाहीशीही होते. हजारांतील आकडे मात्र तीव्र विषाणुजन्य कावीळ, पॅरासिटामॉलची विषबाधा किंवा यकृताचा रक्तपुरवठा खंडित होणे अशा मोजक्याच कारणांकडे बोट दाखवतात. इटालियन वैद्य फर्नांडो दे रितिस यांनी १९५७ मध्ये मांडलेले एएसटी-एएलटी गुणोत्तर आजही उपयोगी आहे : ते २ पेक्षा अधिक असल्यास मद्यजन्य विकाराची शंका बळावते, आणि तेथे एएसटी सहसा ३०० च्या वर जात नाही.

सिऱ्होसिस (यकृतात व्रण साचून ते कठीण होणे) असतानाही ही एंझाइमे मर्यादेत असू शकतात. तीव्र यकृतनिकामीपणात आकडे झपाट्याने उतरले, पण प्रोथ्रॉम्बिन काल लांबतच गेला, तर ती सुधारणा नसून रक्तात एंझाइमे सोडण्याजोग्या पेशीच फारशा उरल्या नसल्याची खूण असते.