नाकाची सावली आणि पातळ पॅनल

‘तळहाताएवढं एलईडी पॅनल, सिनेमासारखा मऊ प्रकाश’ अशी जाहिरात रील करणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. पुढे दुधी प्लास्टिक असलं की प्रकाश मऊ, हा समज त्यातूनच. दुधी प्लास्टिकने डोळ्याला चकाकी खुपत नाही, एवढं खरं. चेहऱ्यावरची सावली मात्र जवळपास तेवढीच धारदार राहते.

शाळेतली प्रच्छाया-उपच्छाया आठवा. दिवा बिंदूएवढा असेल तर गालावरच्या कुठल्याही ठिकाणाहून तो एकतर दिसतो, नाहीतर नाकाआड जातो. दिवा रुंद असेल तर मध्ये एक पट्टा असा येतो, जिथून तो अर्धामुर्धा दिसतो. ही उपच्छाया. ती जितकी रुंद, तितका प्रकाश मऊ. गणितही सोपं: दिव्याची रुंदी गुणिले नाक-गाल अंतर, भागिले दिवा-नाक अंतर. नाकाचं टोक गालापासून ३ सेंमी धरू. १० सेंमीचं पॅनल १ मीटरवर ठेवलं तर पट्टा ३ मिमी. ६० सेंमीचं ठेवलं तर १८ मिमी. हेच मोठं पॅनल ३ मीटरवर नेलं की पुन्हा ६ मिमी! वॉट वाढवून यात काडीचा फरक पडत नाही. मुहूर्ताला दिव्यासमोर नारळ खुशाल फोडा, त्यानेही पडत नाही. सूर्य १४ लाख किमी रुंद, पण १५ कोटी किमी दूर. त्याचा पट्टा जेमतेम ०.३ मिमी. म्हणून मे महिन्यात शिवाजी पार्कात सावली सुरीने कापल्यासारखी पडते, आणि जुलैत ढग दाटले की अख्खं आभाळच दिवा होऊन ती जवळजवळ नाहीशी होते.

छायालेखकांना हे नवं नाही. सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’साठी (१९५६) स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर दिवे सोडले. कापडच दिवा झाला. आपल्या सेटवरचे थर्माकोल (प्रकाश उसळवणारे पांढरे फलक) आणि स्किमर (प्रकाश गाळणारं, चौकटीवर ताणलेलं कापड) त्याच घराण्यातले. अडचण जागेची. एका बल्बचा प्रकाश कापडभर सारखा पसरायला मध्ये काही फूट मोकळे सोडावे लागतात. गोरेगावच्या चित्रनगरीत ते चालतं. परळच्या चाळीतल्या १० बाय १२ च्या खोलीत नट, कॅमेरा आणि दिवा मावणार कुठे?

इथे पातळ पॅनल कामाला येतं. शेकडो बारीक एलईडी आधीच चादरभर पेरलेले असल्याने पसरायला अंतर फारसं लागत नाही. लवचीक मॅट तर थेट छताला लावता येते. पुढे डिफ्युजन, म्हणजे प्रकाश पसरवणारं दुधी कापड किंवा प्लास्टिक, हवंच, नाहीतर प्रत्येक ठिपका आपापली सावली टाकतो आणि सावलीची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

आता रंग. बहुतेक पांढरे एलईडी मुळात निळे: सुमारे ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्यातला काही प्रकाश पिवळसर करणारा लेप. (निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं.) फॉस्फर साधा असेल तर गडद लाल कमी पडतो आणि त्वचा मेणचट दिसते. खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ही ८ फिक्या रंगांच्या गुणांची सरासरी; गडद लाल, म्हणजे आर९, त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे विकत घेताना आर९ किती, ते विचारा. दुकानदार गोंधळला तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का करून तळहात एकदा उन्हात आणि एकदा ५६०० केल्विनवर (उन्हासारख्या पांढऱ्यावर) लावलेल्या पॅनलखाली शूट करा आणि त्वचेचा रंग ताडून पाहा.