कोऱ्या खोल्या आणि ठरलेली गोष्ट

एकच रोलप्लेइंग गेम, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन फाशांनी खेळायचा खेळ, खेळणाऱ्या दोन टेबलांवर डोकावलं तर खेळ वेगवेगळे आहेत असंच वाटेल. एका टेबलावर पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, दहा फुटी काठीने फरशी ठोकत, मशाल किती वेळ पुरेल याचा हिशेब करत इंचाइंचाने पुढे सरकतेय. दुसऱ्या टेबलावर तासभर कोणी फाशाला हात लावलेला नाही, कारण दोन पात्रांचं जुनं भांडण रंगात आलंय. यात खेळणाऱ्यांच्या स्वभावाचा भाग आहेच. पण मला वाटतं, त्याहून मोठा वाटा छापून आलेल्या साहसांचा, म्हणजे मॉड्यूलांचा आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. खोक्यात नियमांच्या तीन पुस्तिका होत्या, आयतं साहस एकही नव्हतं. भुयार डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, स्वतः आखायचं, हे गृहीतच होतं. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत आर्नेसनचं ‘टेंपल ऑफ द फ्रॉग’ छापलं गेलं. १९७६ मध्ये एका बाहेरच्या प्रकाशकाने ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’ स्वतंत्रपणे विकायला काढलं. मूळ कंपनी टीएसआर मात्र सुट्या मॉड्यूलांकडे वळली ती थेट १९७८ मध्ये.

त्यातली सुरुवातीची काही मॉड्यूलं स्पर्धांसाठी लिहिलेली होती, आणि ही गोष्ट साधी नाही. ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७५ च्या ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात खेळवलं गेलं आणि १९७८ मध्ये छापलं. स्पर्धा म्हटली की सगळ्या संघांसमोर तेच भुयार, तेच सापळे आणि शेवटी कोण किती आत पोचलं याची तुलना. या थडग्यात भिंतीवर सैतानाचा एक हिरवा चेहरा कोरलेला आहे, तोंड आ वासलेलं, आत मिट्ट काळोख. त्या तोंडात जो शिरला तो संपला. फासे टाकून वाचायची सोय नाही. इथे पात्राचे आकडे कामाला येत नाहीत, खेळाडूचं डोकं लागतं. स्पर्धेपुरतं हे चोख होतं. पण हेच मॉड्यूल आपल्या लाडक्या पात्रांना घेऊन घरी खेळणाऱ्यांचं काय झालं असेल, त्याची कल्पना करा!

त्याच सुमारास माइक कारचं ‘इन सर्च ऑफ द अननोन’ नवशिक्यांसाठी आलं. त्यातली युक्ती मला आजही आवडते. खोल्यांचं वर्णन छापलेलं, पण ‘राक्षस’ आणि ‘खजिना’ यांपुढे जागा कोरी. मागच्या यादीतून निवडून डंजन मास्टरने ती पेन्सिलने भरायची. पुस्तकच हातात पेन्सिल देऊन म्हणत होतं, बाकीचं तू कर.

मग वारं फिरलं. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमने लढाईऐवजी तपास पुढे आणला. १९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या मॉड्यूलने खलनायकाला भूतकाळ आणि हेतू दिला. १९८४ च्या ‘ड्रॅगनलान्स’ या मॉड्यूलांच्या मालिकेत तर नायकही आयतेच मिळाले. महत्त्वाचं पात्र मेलं तर प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल, अशी त्यात चक्क सूचना होती. कित्येकांना पहिल्यांदाच आपण महाकाव्यात आहोत असं वाटलं, तर कित्येकांना रुळावरच्या डब्यात कोंडल्यासारखं. ‘रेलरोडिंग’, म्हणजे खेळाडूंना ठरलेल्या वाटेनेच ओढत नेणं, या शिवीचा विषय निघाला की आजही या मालिकेचं नाव हटकून येतं.

खेळ नेमका कशासाठी खेळायचा हा वाद मात्र त्याआधीपासूनचा. ग्लेन ब्लॅकाउने १९८० मध्येच एका लेखात खेळाडूंचे चार कल मांडले होते: ताकद वाढवणारे, भूमिका जगणारे, डावपेच लढवणारे आणि कथा घडवणारे. त्यानंतरच्या बहुतेक वर्गवाऱ्या मला याच चौघांची नवी बारशी वाटतात.

२००० नंतर गोष्टीचा आणि भुयाराचा असे दोन्ही प्रवाह उघडच वेगळे झाले. ‘डंजन’ मासिकात २००३ पासून पात्रांना पहिल्या पातळीपासून विसाव्या पातळीपर्यंत नेणारी ‘अ‍ॅडव्हेंचर पाथ’ नावाची सलग मालिका येऊ लागली. उलट बाजूला २००६ च्या ‘ऑसरिक’ या नियमपुस्तकाने जुने नियम पुन्हा खेळात आणले आणि जुन्या वळणाची नवी भुयारं लिहिली जाऊ लागली.

‘रेव्हनलॉफ्ट’ २०१६ मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ म्हणून नव्याने आलं. गोष्टीच्या बाजूचं म्हणून ओळखलं जाणारं हे साहस, पण त्यातला पत्ते काढून भविष्य सांगण्याचा प्रसंग १९८३ पासून आहे. हव्या त्या वस्तू कुठे दडल्यात हे पत्ते ठरवतात, आणि पत्ते उघडेपर्यंत ते डंजन मास्टरलाही ठाऊक नसतं.