सुरीच्या गार्डवर ब्रॉन्झ आलं कसं

हाताने बनवलेल्या सुऱ्यांना ब्रॉन्झचे गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी) आणि बोल्स्टर (मुठीच्या पात्याकडच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) आता सर्रास दिसतात. लोखंडी पात्यावर ब्रॉन्झची मूठ ओतलेले खंजीर पश्चिम इराणात सापडलेत, तीनेक हजार वर्षं जुने, पण आजच्या निवडीचा त्यांच्याशी फार संबंध नाही.

विसाव्या शतकात बराच काळ पितळच चालायचं. स्वस्त, कुठेही मिळणारं, कानशीला मऊ आणि सोल्डर (सांधा जोडायला वितळवून ओतायचा मऊ धातू) चटकन धरणारं, आणि माझ्या मते हे शेवटचं कारणच खरं. कारण गार्ड सोल्डर करायचाच ही तेव्हाची रीत, फट बंद म्हणजे आत पाणी नाही. आता कथील-चांदीचं सोल्डर वितळतं २२१ अंश सेल्सिअसला आणि साध्या कार्बन स्टीलला टेम्पर (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला दिलेली उष्णता) दिलेला असतो २०० च्या आसपास, म्हणजे टॉर्च जरा जास्त वेळ राहिला की पात्याचा कडकपणा उतरलाच, म्हणून पात्याला ओलं फडकं गुंडाळायचे. एवढं करून फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायचं रसायन) नीट धुतला गेला नाही तर गार्डखाली गंज.

पुढे चांगली इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) आणि छोटी मिलिंग मशीन हाताशी आली, मग गार्डमधली पातं घालायची खाच केसभर कमी ठेवून गार्ड ठोकून बसवायला लागले. सोल्डरवाले अजून याला अर्धवट काम म्हणतात. ढिला गार्ड इपॉक्सीने भरून चालवणाऱ्यांबद्दल ते बरोबरच आहेत, पण खाच घट्ट असेल तर सोल्डरचा हट्ट मला तरी निव्वळ सवय वाटते.

सोल्डर सुटलं तशी धातूची निवडही मोकळी झाली. ॲल्युमिनियम ब्रॉन्झ एकोणिसाव्या शतकापासून आहे, पण त्यावर ऑक्साइडचा थर लगेच धरतो, साधं सोल्डर बसतच नाही. आता ते चालतं, सोनेरी रंगही टिकतो, फक्त कानस चालवताना जीव जातो. सिलिकॉन ब्रॉन्झ, म्हणजे साधारण ९६ टक्के तांबं, ३ टक्के सिलिकॉन आणि थोडं मँगनीज, बोटींच्या स्क्रूंना वापरतात तेच, हाताळून हाताळून छान तपकिरी होतं. 'कमर्शियल ब्रॉन्झ' मात्र ९० टक्के तांबं आणि १० टक्के जस्त, थोडक्यात पितळच, घेताना बघून घ्या.

बोल्स्टर पक्का करणारी पिनही त्याच धातूची हवी. सिलिकॉन ब्रॉन्झच्या बोल्स्टरमध्ये पितळेची पिन ठोकून पॉलिश केली तर ती आधी फारशी डोळ्यात भरत नाही, पण रंग चढायला लागला की पिवळा ठिपका उठून दिसतो. कानशीने खोबण्या काढायच्या तर सिलिकॉन ब्रॉन्झवरच काढा, आतला भाग काळवंडतो, वरच्या कडा हाताने घासून चमकत राहतात आणि नक्षी दिसते. ॲल्युमिनियम ब्रॉन्झवर तीच नक्षी कितीतरी दिवस सपाटच वाटते.