खांद्यातील सुटे कूर्चाखंड : संधिदर्शक शस्त्रक्रिया

खांद्याच्या उखळी सांध्यात कूर्चेचा (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाचा), किंवा कूर्चेसह हाडाचा, तुकडा सुटून संधिद्रवात मोकळा फिरू लागला म्हणजे त्यास सुटा कूर्चाखंड म्हणतात. तो सांध्यात अडकला की खटका लागतो, हात मध्येच अडतो. लहान छेदांतून दुर्बीण (आर्थ्रोस्कोप) घालून हे खंड काढतात.

खंड सुटतात कशामुळे, हा वाद जुना आहे. अलेक्झांडर मन्रो यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुडघ्यातील खंडाचा संबंध आघाताशी जोडला. जेम्स पॅजेट यांनी १८७० मध्ये गाजावाजा न करता होणाऱ्या ऊतकमृत्यूची (शरीरातील पेशीसमूह मरण्याची) कल्पना मांडली. फ्रान्झ कोनिग यांनी १८८७ च्या सुमारास दाह गृहीत धरून ‘ऑस्टिओकाँड्रायटिस डिसिकन्स’ (हाड व कूर्चा यांच्या दाहाने तुकडा सुटणे) हे नाव दिले. ऊतकपरीक्षेत दाहाचा पुरावा सहसा मिळत नाही, तरी नाव रूढ राहिले. ही चर्चा मुख्यतः गुडघ्याची असल्याने खांद्याला जपूनच लावावी. खांद्यात सांधा निखळणे हे कारण अधिक सयुक्तिक वाटते: भुजास्थीचे डोके पुढे निसटताना उखळीच्या कडेवर आपटते, डोक्याच्या मागील बाजूस खड्डा पडतो (हिल व सॅक्स यांनी १९४० मध्ये वर्णिलेला) आणि कडेचा तुकडाही उडू शकतो. संधिझीज हे दुसरे कारण. संधिकलेतच (सांध्याच्या आतील अस्तरातच) कूर्चेच्या गाठी बनून सुटणे (सायनोव्हियल काँड्रोमॅटोसिस) हा निराळा विकार होय. मिलग्रॅम यांनी १९७७ मध्ये त्याच्या तीन अवस्था सांगितल्या. तिसरीत संधिकला शांत झालेली असते, खंड मात्र उरतात. अशा वेळी संधिकलाही काढावी का, याविषयी मतभेद आहेत. केवळ खंड काढणे पुरेसे मानणारा पक्ष ग्राह्य वाटतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण संधिद्रवातून होते. म्हणून सुटा खंडही जगतो, क्वचित वाढतो. त्यातील हाड मात्र रक्ताअभावी मरते. खंडाचा आकार असा बदलत गेल्याने जुना खंड मूळ खड्ड्यात नेमका बसत नाही. निव्वळ कूर्चेचा खंड क्ष-किरण चित्रात दिसत नाही, एमआरआय लागतो.

मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या खांद्यात दुर्बीण घालून पाहिले होते. प्रचलित पद्धतीत सुमारे ४ मिमी व्यासाची, ३० अंश तिरप्या दृष्टीची दुर्बीण खांद्याच्या मागून घालतात. हत्यारे पुढील छेदातून जातात. सांधा सलाइनने फुगवतात. खंड खाली काखेकडील कोनाड्यात, सबस्कॅप्युलॅरिस या खांद्याच्या पुढील स्नायूखालील पिशवीत किंवा बायसेप्सच्या कंडरावेष्टनात (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीभोवतीच्या आवरणात) दडतात. ही ठिकाणे न तपासता शस्त्रक्रिया पूर्ण मानू नये. चिमटा जवळ येताच खंड प्रवाहाबरोबर निसटतो. त्यामुळे पाण्याचा ओघ कमी करणे किंवा खंडात सुई रोवून तो स्थिर करणे, हे कौशल्याचे काम. बाहेर ओढताना तो स्नायूत हरवू नये म्हणून छेद थोडा वाढवावा किंवा खंडाचे तुकडे करावेत. काखेकडील भागात ॲक्सिलरी मज्जातंतू जवळ असल्याने तेथे विशेष सावधगिरी हवी.

खंड काढून काम संपत नाही; तो कोठून सुटला ते शोधावे लागते. ताजा, हाडासह सुटलेला मोठा खंड शक्यतो परत बसवतात. सांधा सैल असल्यास कडेची दुरुस्ती करतात. अन्यथा नवे खंड सुटू शकतात. शस्त्रक्रियेनंतर नळीद्वारे सांध्यात सतत भूल-औषध सोडण्याची पद्धत कूर्चानाशाशी निगडित आढळली. अमेरिकी औषध प्रशासनाने २००९ मध्ये तसा इशारा दिला. केवळ खंड काढला असल्यास हालचाल लवकर सुरू करतात. दुरुस्तीनंतर झोळी अधिक काळ ठेवावी लागते.